नोवाक : एका आडनांवाची उत्पत्ति व प्रसार

१. विषयप्रवेश

गेल्या वर्षीं माझ्या एका संग्राहक स्नेह्यांनीं मजकडे तीन जुनीं जर्मन पुस्तकें पाहण्यासाठीं पाठविलीं. तिन्ही पुस्तकें संस्कृत व्याकरणाचीं होतीं व तिन्हींच्या पहिल्या पानावर पूर्वींच्या मालकांच्या सह्या होत्या. पहिली सही ‘नोवाक’ अशी, दुसरी ‘नोआक’ अशी व तिसरी ‘नॉयमान’ अशी होती. नोवाक व नोआक हीं एकाच नांवाचीं रूपें असून नॉयमान हें त्याचेंच जर्मन भाषांतर होय, एवढी माहिती स्नेह्यांनीं मिळविली होती. आणि तीवरून हीं तिन्ही पुस्तकें एकाच घराण्याच्या संग्रहांतून फुटून आलीं असा निष्कर्ष काढून तशी नोंद आपल्या सूचींत करण्याचा त्यांचा विचार होता. माहिती बरोबर होती. निष्कर्ष मात्र मला पटेना. तो कां पटला नाहीं हें त्यांना कळविण्यासाठीं मीं जें पत्र लिहिलें तेंच थोडें वाढवून येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

विषय परदेशचा आहे, तथापि तो आपणांस अगदींच परका वाटूं नये. आडनांवावरून कुळ, कुळावरून मूळ गांव व मूळ गांवावरून हक्क ठरविण्याची खटपट आपल्याकडील दप्तरांतून किती झालेली आहे हें कागदपत्रें चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हां एका आडनांवाचा पुरावा कोठपर्यंत चालतो व कोठें थांबतो, हें दूरच्या व म्हणून निर्विकारपणें पाहतां येण्याजोग्या उदाहरणावरून तपासणें उपयुक्त होईल.

२. शब्दाची व्युत्पत्ति

पोलिश भाषेंत ‘नोवी’ म्हणजे नवा. त्यास ‘आक’ हा प्रत्यय लागून ‘नोवाक’ हा शब्द सिद्ध होतो. हा प्रत्यय त्या भाषेंत माणसाचा वाचक म्हणून सर्रास येतो. पोलंडचा मनुष्य तो ‘पोलाक’, क्राकोव्ह शहराचा तो ‘क्राकोव्याक’. त्याप्रमाणें नोवाक म्हणजे नवा माणूस, नव्यानें आलेला, नवखा.

संस्कृतज्ञांस या शब्दाचें नातें सांगण्याची गरज नाहीं. संस्कृत ‘नव’, ग्रीक ‘नेओस’, लॅटिन ‘नोवुस’ व प्राचीन स्लाव ‘नोवु’ हे चारही शब्द सजातीय आहेत. परंतु येथें एक बारकावा लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे. संस्कृतांत ‘नव’ याच्या जोडीला त्याच अर्थाचा ‘नव्य’ असाही शब्द आहे. गॉथिक ‘निउयिस’, जर्मन ‘नॉय’ व लिथुआनियन ‘नौयस’ हे शब्द ‘नव’ याशीं नव्हे तर ‘नव्य’ याशीं जुळतात. म्हणजे स्लाव लोकांनीं एक रूप राखलें, जर्मन व लिथुआनियन लोकांनीं दुसरें. आपल्या भाषेनें दोन्ही राखलीं. नोवाक व नॉयमान या दोन आडनांवांचा आरंभ अशा रीतीनें आपल्या नव व नव्य या दोन शब्दांपाशीं येऊन पोहोंचतो.

ककारयुक्त प्रत्ययाचेंही साम्य विचार करण्यासारखें आहे. लिथुआनियन भाषेंत नवागतास ‘नौयोकस’ म्हणतात. त्यांतील प्रत्यय स्लाव ‘आक’ प्रत्ययाचा सख्खा भाऊ होय. त्यावरूनही त्या देशांत आडनांव झालें असून पूर्व प्रशियांतील जर्मन नोंदींत तें ‘नाउयोक’, ‘नाउयोक्स’ अशा रूपांनीं आढळतें. संस्कृतांत ‘नवक’ असा शब्द आहे, आणि पालि विनयग्रंथांत तर तो अगदीं याच अर्थानें रूढ आहे. संघांतील भिक्षूंचे थेर, मज्झिम व नवक असे तीन वर्ग सांगितले आहेत. पैकीं नवक म्हणजे नुकतीच उपसंपदा घेतलेला, ज्यास अद्याप जुन्यांच्या खालीं बसावें लागतें असा भिक्षु. पाणिनीनें क-प्रत्यय ज्या अर्थीं सांगितला आहे त्यांत ‘अज्ञात’ व ‘कुत्सित’ हेही अर्थ आहेत. खेड्यांत नव्यानें आलेल्या माणसाकडे जुने रहिवासी कोणत्या दृष्टीनें पाहतात हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या दोन अर्थांची संगति सहज लागेल.

मात्र यावरून नोवाक हा शब्द संस्कृतांतून तिकडे गेला असें कोणीं समजूं नये. एका मूळ भाषेपासून फुटलेल्या शाखांवर एकाच जातीचीं पानें येतात. एका शाखेचें पान दुसरीस चिकटविलेलें नसतें. ध्वनिसाम्य पाहून हुरळून जाण्याचा मोह आपल्याकडे फार आहे, म्हणून हें स्पष्ट लिहिलें.

३. नवा कोण व कोणास?

नोवाक हें मुळांत नांव नव्हे, तें शेजाऱ्यांनीं दिलेलें विशेषण होय. कोणीही मनुष्य स्वतःस नवा समजत नाहीं. तो नवा असतो तो इतरांस. गांवांत दोन यान असले तर एकास उंच यान, दुसऱ्यास लोहार यान म्हणावें, तसेंच बाहेरून आलेल्या तिसऱ्यास नवा यान म्हणावें, हें स्वाभाविक आहे. नवेपणाचीं कारणें अनेक असत. परगांवाहून येऊन जमीन धरणारा, एखाद्या कारागिराच्या हाताखालीं नुकताच लागलेला उमेदवार, सैन्यांत नव्यानें भरती झालेला शिपाई, क्वचित् नव्यानें धर्म स्वीकारलेला, या सर्वांस हा एकच शब्द लागू पडे. शेजारच्या रशियांत ‘नोविक’ हा शब्द सोळाव्या व सतराव्या शतकांत राजसेवेंत प्रथमच दाखल झालेल्या तरुण सरदारपुत्रास लावीत. त्यावरून ‘नोविकोव्ह’ हें तिकडील आडनांव आलें.

तथापि बहुसंख्य नोवाक हे शेतकरी होते असें मानण्यास जागा आहे, आणि त्याचें कारण त्या देशाच्या वसाहतीच्या इतिहासांत सांपडतें. तेराव्या व चौदाव्या शतकांत पोलंड, सिलेसिया व बोहेमिया या प्रदेशांत जंगल तोडून नवीं गांवें वसविण्याचें काम मोठ्या प्रमाणावर चाललें होतें. राजा, मठ किंवा जमीनदार हा एखाद्या मनुष्यास कौल देई. तो मनुष्य कुळें गोळा करून आणी, जमिनीची वांटणी करी व बहुधा स्वतःच त्या गांवचा मुख्य होई. पोलिश भाषेंत या मुख्यास ‘सोल्तिस’ म्हणतात. हा जर्मन ‘शुल्टहाइस’ याचा अपभ्रंश होय, व त्या शब्दापासून निघालेलीं शुल्त्स, शोल्त्स इत्यादि आडनांवेंही त्या प्रदेशांत विपुल आहेत. नव्या कुळांस आरंभीं कांहीं वर्षें सारा माफ असे. त्या माफीस ‘वोल्निझ्ना’ म्हणत. जंगल फार दाट असल्यास ही मुदत वीस वर्षांपर्यंतही जाई. आपल्याकडील इस्ताव्याच्या कौलाशीं ही पद्धति ताडून पाहण्यासारखी आहे.

परंतु येथें एक शंका उत्पन्न होते. जें गांव सगळेंच नवें वसलें, त्यांत नवा असा कोणास म्हणावें? तेथें तर सर्वच नवे. तेव्हां नोवाक हें नांव नव्या गांवांत न उपजतां जुन्या गांवांत उपजलें पाहिजे. जेथें दहा घरें पिढीजात आहेत व अकरावें बाहेरून आलें आहे तेथेंच या विशेषणाचा उपयोग. आपल्या दप्तरांतील मिरासदार व उपरी हा भेद ज्यांस ठाऊक आहे त्यांस उपरी हा शब्दही असाच केवळ सापेक्ष आहे हें आठवेल. मिरासदारांवांचून उपरी संभवत नाहीं.

असे अकरावें घर येण्याचे प्रसंग पुढील काळांत वारंवार आले. तीस वर्षांच्या युद्धानें (१६१८ ते १६४८) बोहेमिया व सिलेसियांतील अनेक शेतें ओस पडलीं. बोहेमियांत १६५४ सालीं कर बसविण्यासाठीं जी मोठी मोजणी झाली तिचें दप्तर ‘बेर्नी रुला’ या नांवानें प्रसिद्ध असून तींत गांवोगांव ओस पडलेलीं ठिकाणें व नव्यानें बसलेलीं कुळें वेगळीं दाखविलेलीं आहेत. पोलंडवर १६५५ ते १६६० या काळांत स्वीडिश स्वारी झाली व अठराव्या शतकाच्या आरंभीं पुनः उत्तरेकडील महायुद्ध लोटलें. प्रत्येक युद्धानंतर ओस शेतांवर नवीं माणसें बसलीं, आणि प्रत्येक वेळीं जुन्या शेजाऱ्यांनीं त्यांस नवा हेंच नांव ठेविलें. विधवेशीं विवाह करून तिच्या शेतावर येणारा पुरुषही नवाच. बोहेमियांत तर शेत धरणाऱ्यास त्या शेताचें जुनें नांव लागण्याची चाल होती, त्यामुळें बाप एका नांवाचा व शेत बदललेला मुलगा दुसऱ्या नांवाचा, असा प्रकार तिकडील वह्यांत नेहमीं दिसतो.

यावरून पहिला सिद्धान्त निष्पन्न होतो. नोवाक या आडनांवास एक मूळ पुरुष नाहीं, एक मूळ गांव नाहीं व एक मूळ शतकही नाहीं. तें शेंकडों ठिकाणीं, परस्परांस ठाऊक नसतां, स्वतंत्रपणें उत्पन्न झालें.

४. विशेषणाचें आडनांव केव्हां झालें?

नवा मनुष्य दहा वर्षांनीं जुना होतो, आणि त्याचा मुलगा तर त्याच गांवांत जन्मतो. तरी त्या मुलास नोवाक म्हणत राहिले, तेव्हां विशेषणाचा अर्थ मेला व आडनांव जन्मास आलें असें समजावें. हा पालट सर्व वर्गांत एकाच वेळीं झाला नाहीं. पोलंडांत सरदारवर्गाचीं आडनांवें पंधराव्या व सोळाव्या शतकांत स्थिर होऊं लागलीं. नागरिकांचीं त्यानंतर, व शेतकऱ्यांचीं सर्वांत शेवटीं म्हणजे बहुधा सतराव्या व अठराव्या शतकांत स्थिर झालीं.

यास लेखनाची मदत झाली. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंद प्रत्येक धर्मोपाध्यायानें ठेवावी असा निर्बंध घातला. बाप्तिस्म्याच्या नोंदींचीही त्याच सुमारास सक्ति झाली. एकदां वहींत लिहिलेलें नांव पुढील नोंदीस आधार होतें. पुढें राज्यकर्त्यांनींही यांत हात घातला. ऑस्ट्रियाचा सम्राट् योसेफ दुसरा याच्या कारकीर्दींत, १७८० च्या दशकांत, वंशपरंपरागत आडनांव कायद्यानें आवश्यक झालें. वॉर्सा येथील संस्थानांत १८०८ सालीं फ्रेंच दिवाणी कायदा लागू होऊन जन्म, विवाह व मृत्यु यांच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या. प्रशियांत १८७४ सालीं व सगळ्या जर्मन साम्राज्यांत १८७६ सालीं सरकारी नोंदणी कचेऱ्या स्थापन झाल्या. त्या दिवशीं कारकुनानें जें अक्षर लिहिलें तेंच कायमचें झालें. एका भावाची नोंद एका कचेरींत व दुसऱ्याची दुसऱ्या कचेरींत झाली असल्यास सख्ख्या भावांचीं आडनांवें निराळ्या वर्णांनीं लिहिलीं जाणें यांत कांहीं नवल नव्हतें.

हस्तलिखितांच्या दृष्टीनें हा काळ विशेष कठीण आहे. १७७२, १७९३ व १७९५ सालीं पोलंडच्या तीन फाळण्या होऊन देश रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं वांटून घेतला. परिणामतः तेंच नांव ऑस्ट्रियाकडील गालिसियांत लॅटिन भाषेच्या नोंदींत, प्रशियांत जर्मन वळणाच्या घसरत्या लिपींत, व रशियाकडील मुलखांत १८६८ नंतर रशियन लिपींत लिहिलेलें सांपडतें. रशियन लिपींतील ‘न’ हा वर्ण दिसावयास रोमन ‘एच’ सारखा असतो, व जुन्या लेखनांत शब्दाच्या अखेरीस एक अनुच्चारित चिन्ह असे; जर्मन घसरत्या लिपींत ‘न’, ‘उ’ व ‘ए’ यांचीं वळणें एकमेकांत मिसळतात. एकाच घराण्याचे कागद मोडी, फारसी व पोर्तुगीज अशा तिन्ही लिप्यांत ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या अडचणीची कल्पना येईल.

५. निरनिराळ्या भाषांतील रूपें

पोलिश भाषेंत नोवाक हें नांव स्त्रीपुरुषांस आज सारखेंच लागतें. परंतु जुन्या रीतीप्रमाणें नोवाकाची पत्नी ती ‘नोवाकोवा’ व अविवाहित कन्या ती ‘नोवाकुव्ना’. या नांवापासून, किंवा त्यावरून पडलेल्या गांवांच्या नांवांपासून, ‘नोवाकोव्स्की’ असें दुसरें आडनांव झालें. ‘स्की’ हा प्रत्यय मूळचा स्थलवाचक व सरदारी थाटाचा. ‘नोवित्स्की’ हेंही त्याच धातूचें, परंतु वेगळें आडनांव होय. पूर्वेकडील मुलखांत ‘नोविक’ असें रूप चालतें.

चेक भाषेंत हेंच नांव ‘नोवाक’ असें, परंतु दुसऱ्या अक्षरावर दीर्घत्वाचें चिन्ह देऊन लिहितात. स्त्रीचें रूप ‘नोवाकोवा’. त्या देशांत पुरुषांच्या आडनांवांत यास पहिला क्रमांक आहे. त्याच अर्थाचें ‘नोवोत्नी’ हेंही अत्यंत प्रचलित असून १९५७ ते १९६८ या काळांतील चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष आंतोनीन नोवोत्नी हे त्याच नांवाचे होत. स्लोव्हेनियांतही नोवाक हेंच सर्वांत अधिक आढळणारें आडनांव आहे. हंगेरीची भाषा आर्य कुळांतील नव्हे, तरी स्लाव शेजाऱ्यांकडून तिनें हें नांव घेतलें. २०२२ ते २०२४ या काळांत त्या देशाच्या अध्यक्षपदीं कातालिन नोवाक या विदुषी होत्या. उलट सर्बियांत नोवाक हें आडनांव नसून बहुधा व्यक्तिनाम असतें. तेव्हां एका देशांतील पहिलें नांव व दुसऱ्या देशांतील शेवटचें नांव यांची गल्लत होऊं देऊं नये.

६. जर्मनींतील नोवाक, नोआक व नॉयमान

जर्मनीच्या पूर्वभागीं लाउझित्स नांवाच्या प्रांतांत सोर्ब नांवाचे स्लाव लोक राहतात. चोहोंकडून जर्मन भाषेनें वेढलेले असूनही त्यांनीं आपली भाषा आजतागायत राखली आहे. त्यांच्यांतही नोवाक हें नांव पूर्वींपासून आहे. परंतु त्यांचा वकार अत्यंत मृदु, ओठांना ओठ लावून उच्चारलेला असल्यामुळें जर्मन कानास तो ऐकूंच येईना. म्हणून जर्मन लेखकांनीं तो गाळून ‘नोआक’ असें लिहिलें व शेवटच्या ककारास आपल्या रीतीप्रमाणें दोन वर्ण जोडले. कॉटबुस शहराच्या आसपास हें रूप विशेष आहे. म्हणून नोआक असें रूप दिसलें तर मूळ लाउझित्सकडे असण्याचा संभव पुष्कळ. नोवाक असें असेल तर सिलेसिया, पोझनान किंवा पोलंडचा इतर भाग.

दुसरा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आला. रूर नदीच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी वाढल्या व त्यांत काम करण्यासाठीं प्रशियाच्या पूर्व प्रांतांतून पोलिश भाषा बोलणारे लक्षावधि मजूर बोखुम, गेल्सेनकिर्खेन, डॉर्टमुंड या भागांत येऊन राहिले. पूर्वेकडील खेड्यांतील नोवाक अशा रीतीनें पश्चिमेकडील शहरांत पुनः एकदां नवे झाले.

आतां भाषांतराची गोष्ट. जर्मन भाषेंत नव्या माणसास ‘नॉयमान’ म्हणतात. उत्तरेकडील बोलींत ‘नीमान’ व इतरत्र ‘नाउमान’ अशीं रूपें आहेत. जेथें दोन भाषा शेजारीं नांदत होत्या तेथें एकच मनुष्य चेक वहींत नोवाक व जर्मन वहींत नॉयमान असा लिहिला जाई. याचें बोलकें उदाहरण म्हणजे सोर्ब चित्रकार व लेखक म्येर्चिन नोवाक-न्येखोर्न्स्की (१९०० ते १९९०). न्येखोर्न हें त्यांचें जन्मग्राम. आपल्या भाषेंत ते गांवाचें नांव जोडून लिहीत, आणि जर्मन पुस्तकांवर त्यांचें नांव ‘मार्टिन नोवाक-नॉयमान’ असें छापलें जाई. म्हणजे जर्मन नांवांत तोच अर्थ दोन भाषांत दोनदां आला.

परंतु हा नामांतराचा प्रकार सदैव असा निरुपद्रवी नव्हता. १८७६ सालीं प्रशियांत जर्मन हीच एकमेव सरकारी भाषा ठरली. १९३७ सालीं सोर्ब लोकांच्या ‘डोमोविना’ या मध्यवर्ती संस्थेस बंदी झाली; १९३८ च्या जानेवारींत आडनांवें बदलण्याविषयीं जर्मनींत नवा कायदा आला, व सिलेसियासारख्या सीमाप्रांतांत स्लाव वळणाचीं नांवें टाकून जर्मन नांवें घेण्याविषयीं लोकांवर दडपण आणलें गेलें. १९४५ सालीं युद्ध संपून सिलेसिया पोलंडकडे आला, तेव्हां चक्र उलट फिरलें. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांतील पोलिश हुकुमानें नामांतराचा मार्ग सुलभ केला आणि जर्मन वळणाचीं नांवें टाकण्याविषयीं तशीच निकड सुरू झाली. ज्या नांवाचा अर्थ केवळ नवा माणूस एवढाच, त्याच्या एका वर्णावरून मनुष्य आपला कीं परका हें ठरविण्याची वेळ आली. नांव पाहून वंश ठरविण्याची संवय जेव्हां ग्रंथांतून कचेरींत जाते तेव्हां तिचा परिणाम काय होतो, हें संशोधकानें विसरूं नये.

७. आजचा विस्तार

पोलंडांत आज नोवाक आडनांवाचीं माणसें सुमारें २ लाख असून त्या देशांत या आडनांवाचा क्रमांक पहिला आहे. लोहारवाचक ‘कोवाल्स्की’ हें त्याच्या मागून येतें. दक्षिण व पश्चिम भागांत, म्हणजे क्राकोव्ह, सिलेसिया व पोझनान या बाजूंस तें अधिक दाट आहे. पूर्वेकडे विरळ होत जातें. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांतही स्लाव मुळाच्या आडनांवांत तें ठळकपणें दिसतें. व्हिएन्ना शहरांत बोहेमियांतून आलेल्या कारागिरांनीं तें नेलें.

अमेरिकेंत शिकागो, क्लीव्हलंड, बफालो वगैरे शहरांत तें पोलिश, चेक, स्लोव्हाक व स्लोव्हेन अशा सर्व वाटांनीं पोहोंचलें, आणि तेथें लेखनांत ‘डबल्यू’ जाऊन बहुधा ‘व्ही’ आला. कोणी त्याचें ‘न्यूमन’ असें भाषांतरही केलें. न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर कारकुनांनीं उतारूंचीं नांवें बदललीं अशी आख्यायिका तिकडील अनेक घराण्यांत सांगतात, पण ती खरी नव्हे. तेथील कारकून जहाजाबरोबर आलेल्या यादीशीं नांवें ताडून पाहत. नांवांत फरक झाले ते बहुधा मागाहून, व ज्याचें त्यानें केलेले.

सर्वांत प्रचलित नांवाचा आणखी एक उपयोग असतो, तो म्हणजे लपण्याचा. दुसऱ्या महायुद्धांत वॉर्सा व लंडन यांच्या दरम्यान गुप्त निरोप नेणारा एक पोलिश देशभक्त ‘यान नोवाक’ या नांवानें वावरत असे. त्याचें खरें आडनांव येझिओरान्स्की. पुढें १९५२ पासून म्यूनिक येथून होणाऱ्या पोलिश ध्वनिक्षेपणाचा तो प्रमुख झाला, व शेवटपर्यंत नोवाक-येझिओरान्स्की असें जोडनांव लावीत राहिला. २००५ सालीं तो वारला. त्याच्या नांवांतील नोवाक पाहून जो कोणी त्याची नोवाक कुळांतील वंशावळ शोधूं लागेल तो कायमचाच वाट चुकेल.

महाराष्ट्राशींही पोलिश नांवांचा एक खरा संबंध आहे. कोल्हापूरनजीक वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. त्या काळचीं पत्रें, छायाचित्रें, पुस्तकें कोणा वाचकाच्या संग्रहीं आलीं असतील तर वर सांगितलेला स्त्रीनामांचा भेद ध्यानांत ठेवावा. एकाच कुटुंबांत पित्याचें नांव एक, मातेचें ‘ओवा’ प्रत्ययान्त व कन्येचें ‘उव्ना’ प्रत्ययान्त असूं शकतें. तीं तीन घराणीं समजून कागद निरनिराळ्या पुडक्यांत बांधल्यास एक कुटुंब आपल्याच हातानें फोडल्यासारखें होईल.

८. उपसंहार

एवढ्या विवेचनावरून संग्राहकांस उपयोगी असे चार नियम काढतां येतात. पहिला, वर्णनात्मक आडनांव हें रक्तसंबंधाचा पुरावा नव्हे. समान परिस्थिति समान नांव उत्पन्न करते. दुसरा, लेखनांतील भेद हा कुळभेदाचा पुरावा नव्हे. सख्ख्या भावांचीं नांवें भिन्न वर्णांनीं लिहिलेलीं असूं शकतात. तिसरा, रूपावरून प्रदेशाचें अनुमान करतां येतें, परंतु तें अनुमानच. स्थळ, तारीख व शिक्का यांनीं त्यास पुष्टि मिळाली पाहिजे. चौथा व सर्वांत महत्त्वाचा, मूळ कागदावर नांव जसें असेल तसेंच अक्षरशः उतरून घ्यावें. तें सुधारणें म्हणजे पुढील संशोधकाचा एकमेव दुवा पुसून टाकणें होय, कारण नोवाक व नोआक यांतील गळालेला एक वकार हाच त्या माणसाच्या मुलखाची खूण असूं शकतो.

या नियमांनीं स्नेह्यांच्या तीन पुस्तकांकडे पाहिलें असतां निर्णय अवघड राहिला नाहीं. पुस्तकें पुनः हातीं घेऊन पाहतां, नोआक अशी सही असलेल्या प्रतीवर कॉटबुस येथील पुस्तकविक्रेत्याची चिठ्ठी चिकटविलेली आढळली. नोवाक अशी सही असलेल्या प्रतीवर पोझनान असें स्थलनाम शिसपेन्सिलीनें लिहिलेलें होतें. नॉयमान याच्या प्रतीवर सहीवांचून कांहींच नव्हतें. पहिल्या दोन प्रतींविषयीं मुलखाचें अनुमान करतां येतें, तिसरीविषयीं तेंही नाहीं. तिन्हींस जोडणारा धागा एकच दिसला, तो म्हणजे तिन्ही मालक संस्कृत शिकत होते. सूचींत आतां तीन स्वतंत्र नोंदी आहेत, प्रत्येक सही जशीच्या तशी उतरलेली आहे, व ‘एकाच घराण्याचा संग्रह’ हे शब्द स्नेह्यांनीं स्वतःच्या हातानें खोडले.

आपल्याकडे कुलवृत्तान्त लिहिण्याचें काम अनेक ठिकाणीं चालू आहे, व तें स्तुत्य आहे. परंतु एका आडनांवाचीं सर्व घरें एका मूळ पुरुषाखालीं बसविण्याची घाई त्यांत कधीं कधीं दिसते. अशा वेळीं पोलंडांतील या २ लाख नव्या माणसांची आठवण ठेवावी. त्यांच्या पूर्वजांत समान होतें तें एवढेंच, कीं प्रत्येक जण केव्हां ना केव्हां परक्या गांवाच्या शिवेंत शिरला, आणि तेथील लोकांनीं त्याचें खरें नांव विचारण्याची तसदी घेतली नाहीं.